पाडण्याआधी विचारायचे कोणाला?

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात सध्या चर्चच्या पायऱ्यांवर, बाजारात आणि लग्नाच्या मांडवात एकच विषय आहे: जुने चर्च पाडून मोठे बांधायचे, की आहे ते दुरुस्त करून ठेवायचे. माझे मामा बँकेतून निवृत्त झालेले. ते धर्मग्रामाच्या अर्थसमितीवर आहेत आणि नवे चर्च व्हावे या मताचे आहेत. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते, आणि पाडायला माझा विरोध आहे. न्यूयॉर्कमधले सेंट ब्रिजिड चर्च तिथल्या लोकांनी कसे वाचवले, हा दाखला मी जिथे तिथे देत असते. मामांनी तोच दाखला हातात घेऊन माझी उलटतपासणी केली. ते बोलणे इथे देते आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका गावापुरता नाही.

मामा: आधी मला नीट सांग, ते चर्च कोणाचे, कधीचे. बैठकीत तू नाव घेतेस आणि सगळे माना डोलावतात. माहिती कोणालाच नाही.

मी: आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने सडू लागले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी गेली, आणि त्याहून जास्त देश सोडून निघाली. न्यूयॉर्कला उतरलेल्यांपैकी पुष्कळ जण ईस्ट नदीकाठी जहाजबांधणीच्या कामाला लागले. या लोकांसाठी १८४८ च्या सप्टेंबरात टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेसमोर चर्चचा पाया घातला गेला आणि १८४९ च्या डिसेंबरात चर्च उघडले. सव्वा वर्षात. वास्तुविशारद पॅट्रिक कीली, तोही आयर्लंडहून आलेला. पुढे त्याने अमेरिकेत शेकडो चर्च उभारली, हे त्याचे अगदी सुरुवातीचे काम. आत छताच्या कमानी जिथे भिंतीला टेकतात तिथे माणसांचे चेहरे कोरले आहेत. ते जहाजे बांधणाऱ्या कामगारांचे चेहरे आहेत, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

मामा: म्हणजे उपाशी पोटाने आलेल्यांनी पहिल्या कमाईतून उभे केलेले. मग त्यांच्याच नातवंडांनी ते पाडायची वेळ का येऊ दिली?

मी: नातवंडे सुखवस्तू होऊन दुसरीकडे राहायला गेली. त्यांच्या जागी दुसरे स्थलांतरित आले, आणि शेवटी पोर्टो रिकोहून आलेली कुटुंबे. मिस्सा स्पॅनिशमध्ये होऊ लागली. इमारतही बदलत गेली. दोन्ही मनोऱ्यांचे कळस १९६२ मध्ये उतरवले. समोरच्या बागेत बेघर लोक राहत. १९८८ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी बाग रिकामी करायला लाठ्या चालवल्या, त्या काळात या चर्चने त्या लोकांची बाजू घेतली. मग भिंतीला मोठी भेग पडली, ती भिंत बाकीच्या बांधकामापासून सुटू लागली. २००१ मध्ये चर्च बंद झाले. लोक शेजारच्या शाळेत मिस्सा करू लागले आणि दुरुस्तीसाठी पैसे जमवू लागले. २००४ मध्ये महाधर्मप्रांताने धर्मग्रामच विसर्जित केला. २००६ च्या जुलैमध्ये पाडणारे आले. रंगीत काचा फोडल्या, भिंतीला भगदाड पाडले. तेव्हा ‘सेंट ब्रिजिड वाचवा’ समितीने कोर्टातून तात्पुरती स्थगिती आणली.

मामा: इथेच मी तुला थांबवतो. तू गोष्ट सांगताना भगदाडापाशी आवाज चढवतेस. पण त्याआधीचे बघ. भिंत धोक्याची झाली, लोक कमी झाले, पैसा नाही. मी त्या आर्चबिशपांच्या जागी असतो तर मीही कुलूपच घातले असते. मिस्साच्या वेळी छत कोसळून दहा माणसे मेली असती तर हीच समिती मोर्चा घेऊन आली असती.

मी: कुलूप घालणे बरोबरच होते, मामा. माझा आक्षेप कुलपाला नाही. कुलूप आणि हातोडा यांच्यामध्ये पाच वर्षे गेली. त्या पाच वर्षांत लोकांना काय विचारले, एवढाच माझा प्रश्न आहे.

मामा: विचारायचे कशाला? जागा ज्यांच्या नावावर आहे त्यांनी ठरवले. आणि खरे सांगू? चर्च म्हणजे माणसे. दगड नव्हे. पहिले ख्रिस्ती लोक घराघरांत जमायचे, त्यांच्याकडे कुठे कमानी होत्या? आपल्याच वसईचे बघ. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, आतली मोठमोठी चर्च ओस पडून ढासळली. त्या चर्चच्या घंटा कुठे कुठे गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. इमारती गेल्या, घंटा गेल्या, आणि आपण? आपण आहोत ना. पावणेतीनशेहून जास्त वर्षे झाली. आपली श्रद्धा त्या भिंतींवर टेकलेली असती तर ती तेव्हाच पडली असती.

मी: मान्य. यापेक्षा मोठा पुरावा तुम्हाला दुसरा मिळणार नाही. पण ते लोक नंतर जमले कुठे? गावोगावच्या चर्चमध्ये. जी मोडली होती ती त्यांनी पुन्हा बांधली, ऐपत नसताना बांधली. माणसे म्हणजेच चर्च, म्हणून चर्च नको, असे त्यांना कधी वाटले नाही. आणि किल्ल्यातल्या संत गोन्सालो गार्सियांच्या चर्चमध्ये आजही दरवर्षी सण होतो, तुम्ही स्वतः जाता. ओसाड किल्ल्यातल्या त्या चार भिंतींपाशी आपण का जातो?

मामा: वसईत जन्मलेला आपला संत आहे म्हणून जातो.

मी: संताला गावातल्या चर्चमध्येही आळवता येते. तरी आपण तिथेच जातो. तुमचे वाक्य मी नाकारत नाही, मामा. मी ते तुमच्यापेक्षा गंभीरपणे घेते. चर्च म्हणजे माणसे असतील, तर चर्चचे काय करायचे हे माणसांना विचारल्याशिवाय ठरू शकत नाही. नेमके ज्या वेळी लोकांना वगळायचे असते, त्याच वेळी त्यांना ऐकवले जाते की चर्च म्हणजे तुम्हीच आहात.

मामा: हे झोंबणारे आहे, पण कायद्यात बसत नाही. तू सांगितलेस त्यापुढचे मी वाचले. तुझी समिती कोर्टात हरली. २००७ मध्ये अपील कोर्टाने महाधर्मप्रांताच्या बाजूने निकाल दिला. आणि तिथलेच लिथुआनियन लोकांचे दुसरे चर्च, अवर लेडी ऑफ विल्नियस. २००७ मध्ये बंद केले, लोक कोर्टात गेले, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने स्पष्ट सांगितले की पाडायला धर्मग्रामातल्या लोकांची संमती लागत नाही. २०१५ मध्ये ते पाडले. मग तुझा विचारण्याचा हक्क आला कुठून?

मी: अमेरिकेच्या कायद्यातून आला नाही, हे खरे. कायद्याने चळवळ हरली, हे मी कोणापासून लपवत नाही. पण ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा बघा. कॅनन १२२२ प्रमाणे, चर्च उपासनेसाठी वापरायचे कायमचे थांबवायचे तर त्याला गंभीर कारण लागते. बिशपांना धर्मगुरूंच्या मंडळाचे म्हणणे ऐकावे लागते आणि ज्यांचे त्या चर्चवर रीतसर हक्क आहेत त्यांची संमती घ्यावी लागते. २०१३ मध्ये व्हॅटिकनने यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. धर्मग्राम विलीन करणे आणि चर्चची इमारत बंद करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, एकाचे कारण दुसऱ्याला आपोआप चालत नाही, असे त्या सांगतात. चर्चची संख्या कमी करायची आहे, एवढे कारण पुरत नाही. त्या विशिष्ट चर्चची परिस्थिती तपासावी लागते. तपासणे आणि ऐकून घेणे यांची सक्ती रोमनेच केली आहे. ती मागणे म्हणजे बंडखोरी नव्हे.

मामा: आणि ऐकून घेतल्यावर बिशप नाही म्हणाले तर? बॉस्टनजवळच्या सिच्युएटचे लोक कसे वागले? २००४ मध्ये चर्च बंद करायचा आदेश निघाला आणि ते आत जाऊन बसले. पाळ्या लावून, रात्रंदिवस, २०१६ पर्यंत. चर्च एक तासही रिकामे सोडले नाही. व्हॅटिकनपर्यंत गेले, हरले. कोर्टात गेले, हरले. मला त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते, पण आज्ञापालन नावाची काही गोष्ट आहे की नाही? उद्या आपल्याकडे चार जण असे बसले तर धर्मग्रामाचे दोन तुकडे होतील. इमारत एक वेळ पुन्हा बांधता येते, फुटलेला समाज बांधता येत नाही.

मी: ही भीती मलाही आहे. अशा भांडणांत सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. म्हणूनच विचारणे आधी हवे. सिच्युएटचे लोक पहिल्याच दिवशी कुलपावर चालून गेले नाहीत. आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही असे माणसाला वाटले की तो दारात बसतो. अवज्ञा टाळायची असेल तर तिचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे भरपूर आधी, मोकळेपणाने, हिशेब समोर ठेवून बोलणे.

मामा: बरे, हिशेबावरच ये. तो माझा प्रांत आहे. सेंट ब्रिजिड कोणी वाचवले? समितीने? नाही. २००८ च्या मे महिन्यात एका अनामिक दात्याने दोन कोटी डॉलर दिले. एक कोटी इमारतीच्या दुरुस्तीला, वीस लाख धर्मग्रामाच्या कायम निधीला, ऐंशी लाख कॅथलिक शाळांना. त्या दात्याने तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ईगन यांची भेट घेतली आणि पाडणे रद्द झाले. २०१३ च्या जानेवारीत कार्डिनल डोलन यांच्या हस्ते चर्च पुन्हा उघडले. म्हणजे पोर्टो रिकन बायका वर्षानुवर्षे पाटी घेऊन उभ्या राहिल्या त्याने काही झाले नाही. एका धनवानाने चेक फाडला तेव्हा झाले. याला तू लोकचळवळ म्हणतेस? बँकेत आम्ही याला नशीब म्हणायचो.

मी: दाता आला तेव्हा देण्यासाठी चर्च शिल्लक होते, हे कोणामुळे? २००६ च्या उन्हाळ्यात स्थगिती मिळाली नसती तर २००८ मध्ये तो माणूस कशाला पैसे देणार होता? मोकळ्या प्लॉटला? चळवळीकडे पैसा नव्हता, कायदाही तिच्या बाजूचा नव्हता. तिने एकच गोष्ट केली: वेळ मिळवला. पाडणे एका सकाळीत होते आणि ते परत फिरवता येत नाही. दुरुस्तीसाठी माणसे, पैसा आणि मनाचा बदल यांची जुळवाजुळव व्हायला वर्षे लागतात. म्हणून वाचवणाऱ्यांचे पहिले काम असते तो सकाळचा हातोडा पुढे ढकलत राहणे. त्या बायकांनी तेच केले.

मामा: आणि जिथे दाता येत नाही तिथे? विल्नियसच्या लोकांनीही वेळ मिळवलाच होता. आठ वर्षे. शेवटी पडलेच. तू वाचलेल्या चर्चचे नाव सगळीकडे घेतेस, न वाचलेल्याचे नाव मला काढावे लागले.

मी: बरोबर. यापुढे दोन्ही नावे सांगीन. प्रयत्न केला म्हणून यश येतेच, असे मी कोणाला सांगू शकत नाही.

मामा: मग आणखी एक ऐक. दुरुस्तीत सेंट ब्रिजिडला ज्या रंगीत काचा बसवल्या त्या आल्या कुठून? हार्लेममधल्या सेंट थॉमस द अपॉसल या दुसऱ्या बंद पडलेल्या चर्चमधून. एकाला वाचवताना दुसऱ्याचे डोळे काढले. आणि ज्या शाळेसाठी त्या दात्याने पैसे ठेवले, ती सेंट ब्रिजिडची शाळा २०१९ मध्ये बंद झाली. चर्च उभे, शाळा बंद. मला निवड दिली असती तर मी शाळा ठेवली असती. आपल्या वसईत शिक्षण आले ते चर्चच्या शाळांतून. तुझी आई, तू, सगळे तिथे शिकलात. दगडावर एक कोटी डॉलर घालताना मनात हे यायला नको?

मी: शाळा बंद झाली याचे मला खरेच वाईट वाटते, आणि यावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही. मुलांची संख्या घटली की शाळा चालत नाही. पण चर्च पाडले असते तर शाळा वाचली असती का? त्या दात्याने शाळेला पैसे दिले ते चर्चमुळेच. तो चर्चच्या ओढीने आला आणि जाताना शाळांनाही देऊन गेला. दगड आणि माणसे यांच्यात आपण एक खोटी स्पर्धा लावतो. पाडून वाचलेला पैसा गरिबांकडे गेला, असे सहसा घडत नाही.

मामा: न्यूयॉर्कमध्ये नसेल. तिथे जमिनीला सोन्याचा भाव, लोकांना संशय येणे साहजिक होते. आपल्याकडे कोणी बिल्डरला विकायला निघालेले नाही. हा मोठा फरक तू सांगत नाहीस. त्यांचे चर्च रिकामे झाले म्हणून पडत होते. आपले भरून वाहते म्हणून पाडायचे आहे. रविवारी सकाळच्या मिस्साला बाहेर किती माणसे उभी असतात ते बघतेस ना? पावसात छत्र्या घेऊन, म्हाताऱ्या बायका पायरीवर. मुंबईहून किती कुटुंबे इकडे राहायला आली. त्यांना सांगू, की तुम्ही भिजत राहा, कारण आमच्या भाचीला जुनी कौले आवडतात?

मी: नाही, असे सांगता येणार नाही. गर्दीची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय न देता ‘वाचवा’ म्हणणे हा त्या म्हाताऱ्या बायकांवर अन्याय आहे.

मामा: मग दादरचे पोर्तुगीज चर्च घे. १५९६ ची स्थापना. सत्तरच्या दशकात जुनी इमारत गेली आणि तिथे वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी नवे चर्च बांधले. आज देशभरातले वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघायला येतात. तेव्हा तुझ्यासारख्या कोणी समिती काढली असती तर ते झाले असते का? प्रत्येक पिढीला तिचे स्वतःचे चर्च बांधायचा हक्क आहे. आयरिश लोकांनीही तेव्हाच्या नव्या पद्धतीनेच बांधले होते.

मी: दादरचे चर्च मला मनापासून आवडते, आणि हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. नवे बांधणे म्हणजे नेहमीच नुकसान, असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक धर्मग्रामाला कोरिया मिळत नाही. केरळात जुनी लाकडी छतांची कितीतरी चर्च पाडून काँक्रीटची भव्य चर्च उभी राहिली. त्यांतली बरीचशी एकमेकांसारखी दिसतात. आणि कोरियांच्या चर्चमधून जे शिकायचे ते आपण शिकलोच नाही. त्यांनी एकच मोठा हॉल बांधला नाही. एकात एक उघडणाऱ्या जागा, मध्ये मोकळे चौक, आणि गरम हवा वर निघून जाईल अशी छते. माणसे चौकात बसूनही मिस्सात असतात. हेच आपण जुने चर्च ठेवून करू शकतो. दक्षिणेच्या बाजूचे मैदान रिकामे आहे. सणाला आपण तिथे मांडव घालतोच. तिथे पक्के छत असलेला उघडा मंडप झाला, चर्चच्या बाजूच्या तीन दारांकडे त्याचे तोंड ठेवले, तर पायरीवरची सगळी माणसे छताखाली येतील.

मामा: आणि जुन्या भिंतींचे काय? इंजिनिअर म्हणाला, पडायला आल्या आहेत.

मी: तो इंजिनिअर नव्या चर्चचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराने आणला होता, मामा. त्याने भिंतीकडे पाहिले, भेगेकडे पाहिले आणि सांगितले. भेग दिसली की पहिला प्रश्न असतो, ती वाढते आहे की जुनी होऊन थांबली आहे? त्यासाठी भेगेवर आडवी काचेची पट्टी चुन्यात किंवा प्लास्टरमध्ये बसवतात. तिच्यावर तारीख लिहितात. काच फुटली तर भिंत हलते आहे. पावसाळा धरून एक वर्ष काच शाबूत राहिली तर भिंत स्थिर आहे. दुसरी गोष्ट, आपल्या भिंती चुन्याच्या. चुना ओल घेतो आणि सोडतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, तेव्हापासून ओल आत कोंडली आणि चुना भुसभुशीत व्हायला लागला. तो गिलावा काढून पुन्हा चुना केला तर निम्मे दुखणे जाईल. छताच्या कैच्या आणि वासे मी जिना लावून पाहिले. सागाचे आहेत. पागोळ्यांच्या बाजूची टोके कुजली आहेत, तेवढी बदलावी लागतील.

मामा: काँक्रीटला हे सोपस्कार लागत नाहीत.

मी: लागतात, आणि लवकर लागतात. आपण समुद्रापासून किती लांब आहोत? खाऱ्या हवेत आतल्या सळया गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे ते याचसाठी. तुमच्या सोसायटीच्या खांबांना जॅकेटिंग करावे लागले, ती इमारत माझ्याहून लहान आहे. मोठे नवे चर्च बांधले तर तीस वर्षांनी ही बैठक पुन्हा भरेल. मोठ्या इमारतीचा देखभालीचा खर्चही मोठा असेल, तो तुमच्या अंदाजपत्रकात मला दिसला नाही.

मामा: देखभालीचा आकडा धरलेला नाही, हे खरे. तो धरायला हवा. पण तुझ्याही बाजूने एक प्रश्न सुटलेला नाही. विचारायचे म्हणतेस, ते कोणाला? न्यूयॉर्कमध्ये नट आले, लेखक आले, आयरिश संघटना आल्या. त्यांतले किती जण रविवारी तिथे मिस्साला जात होते? आपल्याकडेही तेच होईल. तू अर्ज फिरवशील आणि कॅनडातून, दुबईतून सह्या येतील. ‘आमचा बाप्तिस्मा तिथे झाला, पाडू नका.’ कॅनडातून सही करणाऱ्याला छत्री घेऊन उभे राहावे लागत नाही, वर्गणी काढावी लागत नाही. आठवणींचा हक्क मोठा की रोज येणाऱ्याचा?

मी: रोज येणाऱ्याचा. यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. सेंट ब्रिजिडमध्येही चळवळीचा पाया नट-लेखकांनी घातला नव्हता. शाळेच्या हॉलमध्ये मिस्सा करून दुरुस्तीला पैसे जमवणारी तिथली कुटुंबे तिच्यामागे होती. बाहेरच्यांनी आवाज मोठा केला, तोही लागतोच. पण निर्णयात मत त्यांचे, जे तिथे गुडघे टेकतात. दूर गेलेल्यांचे म्हणणे ऐकावे, त्यांच्याकडून मदत मागावी. आणि एका गटाला आपण नेहमी विसरतो. मुंबईहून नुकती आलेली कुटुंबे. त्यांच्या आजोबांनी हे चर्च बांधले नाही, म्हणून त्यांना जुने राखण्यात रस नसेल असे आपण धरून चाललो आहोत. सेंट ब्रिजिड आयरिश लोकांनी बांधले आणि दीडशे वर्षांनी त्यासाठी भांडल्या त्या पोर्टो रिकन बायका. चर्च आपले वाटायला ते आपल्या आजोबांनी बांधलेले असावे लागत नाही.

मामा: हे मात्र मी धरलेच नव्हते. नव्या लोकांना मोठे चर्च हवे असणार, असे आम्ही परस्पर ठरवले. एकालाही विचारले नाही.

मी: मग विचारू या.

मामा: ठीक आहे. पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडतो. एक, कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या, जुन्या बांधकामातल्या जाणकाराकडून तपासणी, आणि तुझ्या त्या काचपट्ट्या एक पावसाळा. दोन, दुरुस्ती अधिक मंडप, आणि नवे चर्च, या दोन्हींचा खर्च तीस वर्षांच्या देखभालीसकट शेजारी शेजारी मांडायचा, आणि तो कागद चर्चच्या दारावर लावायचा. तीन, प्रत्येक वाडीत बसून लोकांना विचारायचे, भाड्याने राहणाऱ्यांनाही. हे होईपर्यंत कंत्राटावर सही नाही. पण ऐकून ठेव, एवढे सगळे झाल्यावरही मला वाटले की नवे हवे, तर मी नव्याच्या बाजूने मत देईन.

मी: द्या. आणि लोकांनीही तसेच ठरवले तर मी कोर्टात जाणार नाही. पाडण्याआधी प्रत्येक कमानीचे, कैचीचे, वेदीचे माप घेऊन नकाशे करून देईन, फुकट. पण न विचारता पाडायला आले तर मी दारात उभी असेन, हेही तुम्ही ऐकून ठेवा.

मामा: दारात उभी राहिलीस तर मला तुझ्या शेजारी उभे राहावे लागेल. तुझ्या मताशी सहमत म्हणून नव्हे. बैठकीत दिलेला शब्द मोडला म्हणून.

मामांचे आणि माझे मत एक झालेले नाही. ते अजूनही नव्याच्या बाजूने झुकलेले आहेत आणि मी जुन्याच्या. पण या बोलण्यातून मला एक गोष्ट पक्की कळली, आणि ती जुन्या चर्चसाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. ‘ही वास्तू सुंदर आहे’ एवढ्या जोरावर चळवळ टिकत नाही. छत्री घेऊन उभ्या असलेल्या बाईला बसायला जागा देणारा आराखडा तिच्याकडे असावा लागतो, हिशेब असावा लागतो, आणि हरण्याची तयारीही. पाडू पाहणाऱ्यांनाही तितकेच सांगायचे आहे. धर्मग्रामाच्या पैशाने आणि श्रमाने उभे राहिलेले चर्च कागदावर कोणाच्याही नावे असो, ते पाडण्याचा निर्णय बंद खोलीत घेतला तर तो कायदेशीर असूनही अन्यायाचा असतो. दुरुस्तीत चूक झाली तर पुढची पिढी ती सुधारू शकते. पाडण्यात झालेली चूक कोणालाच सुधारता येत नाही. म्हणून पुरावा देण्याची जबाबदारी पाडणाऱ्याची आहे, आणि तो पुरावा तपासण्याचा हक्क रविवारी तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा.